पाच विद्यार्थिनींचे विद्यापीठ

१९१६ हे वर्ष भारतीय उच्चशिक्षणाच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जाते. त्या वर्षी फेब्रुवारीत काशी हिंदू विद्यापीठाची कोनशिला व्हाइसरॉयच्या हस्ते बसवली गेली. अनेक संस्थानिक त्या सोहळ्याला उपस्थित होते. जुलैमध्ये म्हैसूर विद्यापीठ सुरू झाले. त्याच्या पाठीशी म्हैसूरचे दरबार आणि दिवाण विश्वेश्वरय्या उभे होते. त्याच पावसाळ्यात पुण्याजवळच्या हिंगणे या खेड्यात तिसरे एक विद्यापीठ जन्माला आले. त्याला राजा नव्हता, सरकारी सनद नव्हती, आणि शोभिवंत इमारतही नव्हती. त्याच्या पहिल्या महाविद्यालयाच्या वर्गात अवघ्या पाच विद्यार्थिनी बसल्या होत्या. हे भारतवर्षीय महिला विद्यापीठ उभे करणारे गृहस्थ त्या वेळी अठ्ठावन्न वर्षांचे होते आणि दोनच वर्षांपूर्वी गणिताच्या अध्यापकपदावरून निवृत्त झाले होते. धोंडो केशव कर्वे हे त्यांचे नाव.

महर्षी कर्वे यांचे चरित्र महाराष्ट्रात प्रामुख्याने विधवांच्या उद्धाराची कथा म्हणून सांगितले जाते आणि ते योग्यही आहे. मात्र त्या कथेत त्यांचा एक गुण बहुधा झाकला जातो. कर्वे हे अत्यंत काटेकोर नियोजक होते. ज्या कामाला समाजाचा पाठिंबा नाही, शासनाची मान्यता नाही आणि पुरेसा पैसाही नाही, ते काम कोणत्या आकारात सुरू केले म्हणजे टिकेल, याचा अंदाज त्यांना अचूक होता. त्यांनी संस्था लहान ठेवूनच सुरू केल्या, त्यांचे हिशेब लोकांपुढे मांडले, आणि टिकून राहण्यासाठी ज्या तडजोडी कराव्या लागल्या त्यांची किंमतही मोजली. ही किंमत कधी त्यांनी स्वतः दिली, कधी त्यांच्या कुटुंबाने दिली, तर कधी त्यांच्या विद्यार्थिनींनी.

कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली येथे, आजोळी झाला. त्यांचे बालपण दापोली तालुक्यातील मुरूड या समुद्रकाठच्या गावी गेले. घरची स्थिती बेताची होती. सहावीची सार्वजनिक परीक्षा देण्यासाठी त्यांनी सोबत्यांसह सातारा गाठले. सह्याद्री ओलांडून शंभराहून अधिक मैलांची ती पायपीट होती. सातव्या-आठव्या वर्षी नव्हे, सतरा वर्षांच्या वयात ते तेथे पोहोचले. पण अंगलट इतकी किरकोळ होती की परीक्षा समितीने त्यांना वयाने लहान ठरवून परत पाठवले. नियमाच्या एका ओळीने उमेदवाराचे वर्ष कसे बुडते, हे त्यांनी असे लहानपणीच अनुभवले. पुढे मॅट्रिक होऊन त्यांनी मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि १८८४ मध्ये पदवी मिळवली. मुंबईत शिकवण्या आणि मुलींच्या शाळांतील तासिका यांवर त्यांचा प्रपंच चाले. मिळकतीचा ठरावीक वाटा लोककार्यासाठी बाजूला काढण्याची त्यांची सवय याच काळातली आहे.

१८९१ या वर्षाने त्यांच्या आयुष्याला वळण दिले. त्या वर्षी त्यांच्या पत्नी राधाबाई यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवण्यासाठी त्यांना बोलावणे आले. विधुराने पुन्हा कुमारिकेशी विवाह करावा, ही तेव्हाची रीत होती. कर्वे यांनी ती मोडली. मित्र नरहरपंत जोशी यांची बालविधवा बहीण गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या. मार्च १८९३ मध्ये पुण्यात त्यांच्याशी कर्वे यांचा विवाह झाला. गोदूबाई आता आनंदीबाई झाल्या. घरात आणि पुढे महाराष्ट्रात त्या बाया या नावाने ओळखल्या गेल्या. मुरूडच्या ग्रामस्थांनी कर्वे यांच्यावर बहिष्कार घातला. त्यांची आई आणि भाऊ गावातच राहत असल्याने त्याचा खरा जाच त्यांना सोसावा लागला.

त्याच सुमारास धर्मांतराच्या वादामुळे शारदा सदनातून अनेक हिंदू पालकांनी आपल्या मुली काढून घेतल्या. विधवांनी शिकायचे कोठे, हा प्रश्न पुण्यापुढे उघडपणे उभा राहिला. कर्वे आधी विधवाविवाहाच्या चळवळीत होते. १८९३ मध्ये त्यांनी त्या कार्यासाठी मंडळ सुरू केले. दोन वर्षांनी त्याचे नाव बदलून विधवाविवाह-प्रतिबंध-निवारक मंडळी असे ठेवण्यात आले. विवाहाला उत्तेजन देणे आणि विवाहाच्या आड येणारा अडथळा दूर करणे, यांतला फरक त्या नावात स्पष्ट केला होता. समाज जेवढे ऐकून घेईल तेवढेच शब्दांत मांडायचे, हा कर्वे यांचा स्वभाव तेथे प्रथम दिसतो. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारख्या विद्वान सुधारकाचा आधार या कामाला मिळाला.

आश्रम आरंभी पुणे शहरात होता. १८९७ पासून पुण्यात प्लेगने थैमान घातले आणि शहरात मुलींना ठेवणे कठीण झाले. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगणे येथील सहा एकर जागा आणि झोपडी बांधण्यासाठी साडेसातशे रुपये दिले. १९०० मध्ये त्या माळावर एक झोपडी उभी राहिली आणि आश्रम तेथे गेला. शहरापासून चार मैल दूर, रस्ता कच्चा, पावसाळ्यात चिखलाचा, आसपास वस्ती नाही, अशी ती जागा होती. फर्ग्युसनमधील तास संपल्यावर कर्वे रोज पायी हिंगण्याला जात. आश्रमासाठी लागणारे सामान बहुधा त्यांच्याच खांद्यावर असे. तेथे मुलींना शिकवून ते रात्री मुक्काम करत आणि सकाळी पुन्हा महाविद्यालयात हजर होत. ही ये-जा दोन वर्षांच्या आसपास चालली.

त्या माळावरच्या झोपडीत पुढच्या विद्यापीठाचे बीज होते, असे आज सहज म्हणता येते. त्या वेळी मात्र प्रश्न रोजच्या धान्याचा होता. कर्वे सुट्टीच्या दिवसांत वर्गणीसाठी गावोगावी फिरत. चार आण्यांचीही पावती द्यायची आणि वर्षअखेरीस अहवाल छापून हिशेब जाहीर करायचा, हा त्यांचा परिपाठ होता. देणगीदार ज्या विचाराचा आहे त्या विचाराचा आश्रम नव्हता, तरी आपला पैसा कोठे गेला हे त्याला वाचता येत असे. सनातनी घरांतूनही आश्रमाला मदत मिळू लागली, त्याचे मोठे श्रेय या उघड हिशेबाला आहे.

आश्रम टिकवण्यासाठी कर्वे यांनी दोन मर्यादा स्वीकारल्या, आणि त्या दोन्ही आज खटकणाऱ्या आहेत. पहिली मर्यादा पुनर्विवाहाची. आश्रमात मुलींना शिक्षण मिळेल, पुनर्विवाहाचा प्रचार होणार नाही, अशी ग्वाही समाजाला हवी होती. कर्वे यांनी विधवाविवाहाच्या मंडळीचे काम दुसऱ्यांकडे सोपवले. त्यांच्या स्वतःच्या पत्नी पुनर्विवाहिता होत्या. त्यामुळे ज्या संस्थेसाठी घरातील पैसा आणि वेळ खर्च होत होता, त्या संस्थेत बायांना मोकळेपणाने वावरता येत नव्हते. बायांनी आपल्या आत्मकथेत संसारातील ओढाताण स्पष्ट शब्दांत लिहून ठेवली आहे. दुसरी मर्यादा जातीची. आरंभीची अनेक वर्षे आश्रमातील प्रवेश ब्राह्मण विधवांपुरता राहिला. महात्मा फुले यांनी त्याच पुण्यात अर्धशतकापूर्वी सर्व जातींच्या मुलींसाठी शाळा काढल्या होत्या, हे लक्षात घेतले तर ही मर्यादा केवळ काळाची होती असे म्हणून सोडून देता येत नाही. कर्वे यांनी उतारवयात, १९४४ मध्ये, समता संघ स्थापन केला. त्यामागे ही उणीव भरून काढण्याची जाणीव असावी, असे मानण्यास जागा आहे.

हिंगण्याचे काम वाढत गेले. विधवांबरोबर कुमारिकांनाही शिकता यावे म्हणून १९०७ मध्ये महिला विद्यालय निघाले. १९०८ मध्ये निष्काम कर्ममठाची स्थापना झाली. संस्था चालवायला इमारतींपेक्षा माणसे अधिक लागतात आणि ती वेतनावर मिळत नाहीत, हे कर्वे यांनी ओळखले होते. व्रतस्थ वृत्तीने काम करणाऱ्या सेवकांचा एक संघ असावा, ही मठामागची कल्पना होती. बायांच्या बहिणीचे नाव घेतल्याशिवाय या काळाची हकीकत पुरी होत नाही. पार्वतीबाई आठवले या विधवा होऊन आश्रमात आल्या, शिकल्या, आणि संस्थेच्या वर्गणीसाठी देशभर हिंडल्या. पुढे वयाची पंचेचाळिशी उलटून गेल्यावर त्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी शिकण्यासाठी तेथे त्यांनी घरकामही केले.

१९१४ मध्ये तेवीस वर्षांच्या सेवेनंतर कर्वे फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. त्या वेळी महाविद्यालयाचे प्राचार्य होते रँग्लर रघुनाथ परांजपे. कर्वे यांनी त्यांना लहानपणी आपल्या घरी ठेवून शिकवले होते. निवृत्तीनंतर कर्वे स्वस्थ बसले असते तरी त्यांची थोरवी कमी झाली नसती. परंतु १९१५ च्या डिसेंबरात मुंबईत भरणाऱ्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. भाषणाची तयारी करताना त्यांनी एक बाजूला ठेवून दिलेली पुस्तिका पुन्हा उघडली. टोकियोत १९०१ मध्ये जिन्झो नारुसे यांनी स्थापन केलेल्या जपानी महिला विद्यापीठाची माहिती तिच्यात होती. काशीचे बाबू शिवप्रसाद गुप्त यांनी ती पाठवली होती. एका आशियाई देशात, स्वतःच्या भाषेत, स्त्रियांच्या गरजा लक्षात घेऊन चालणारे विद्यापीठ असू शकते, या गोष्टीने कर्वे यांच्या मनाची पकड घेतली. परिषदेत त्यांनी असे विद्यापीठ भारतात काढण्याचा विचार मांडला आणि सहा महिन्यांत तो प्रत्यक्षात आणला.

या सहा महिन्यांतील काम हा त्यांच्या नियोजनाचा सर्वांत स्पष्ट नमुना आहे. सरकारकडून सनद मिळवायची तर वर्षानुवर्षे अर्ज करावे लागले असते आणि अभ्यासक्रमावर सरकारी विद्यापीठांचे साचे लादले गेले असते. कर्वे यांनी सनदेची वाट पाहिली नाही. विद्यापीठाला मालक हवा, तर तो वर्गणीदार असेल, असे त्यांनी ठरवले. देशभर पत्रे गेली. ठरावीक वार्षिक वर्गणी देणारे पदवीधर आणि अन्य हितचिंतक हे मतदार झाले, त्यांनी निवडून दिलेल्या सभासदांची सिनेट बनली, आणि सिनेटने कार्यकारी मंडळ नेमले. राजाश्रय नसलेल्या संस्थेची घटना त्यांनी लोकाश्रयावर उभी केली. जून १९१६ मध्ये सिनेटचे काम सुरू झाले. डॉ. भांडारकर कुलपती झाले आणि रँग्लर परांजपे कुलगुरू. कर्वे यांनी या दोहोंपैकी कोणतेही पद स्वतःकडे घेतले नाही. त्यांनी स्वतःकडे घेतले ते निधी गोळा करण्याचे आणि संस्था चालवण्याचे काम.

जुलैमध्ये हिंगण्याला महिला पाठशाळा सुरू झाली. हेच विद्यापीठाचे पहिले महाविद्यालय. पाच विद्यार्थिनींसाठी सिनेट, कुलपती आणि परीक्षा मंडळ असावे, याची थट्टा होणे स्वाभाविक होते. पण कर्वे यांचा हिशेब उलटा होता. विद्यार्थिनी वाढल्यावर विद्यापीठ काढायचे म्हटले तर त्या वाढणारच नाहीत; शिडी आधी लावायला हवी, चढणारे मग येतील, अशी त्यांची धारणा होती. १९१७ च्या सुमारास प्राथमिक शिक्षिका तयार करणारी अध्यापिका शाळा निघाली, मग पुण्यात कन्याशाळा आली. मुली शाळेत यायला हव्यात तर शिक्षिका हव्यात, शिक्षिका हव्यात तर महाविद्यालय हवे, ही साखळी त्यांनी वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही टोकांकडून जोडत नेली.

अभ्यासक्रमाची आखणी तेव्हाच्या विद्यापीठांपेक्षा वेगळी होती. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा होते. मुंबई विद्यापीठात तेव्हा सारे उच्चशिक्षण इंग्रजीतून दिले जात होते. मराठीतून आणि गुजरातीतून पदवीपर्यंत शिकवणे हे धाडसच होते, कारण त्यासाठी पाठ्यपुस्तकेही नव्याने लिहावी लागणार होती. इंग्रजी मात्र विषय म्हणून सक्तीचा ठेवण्यात आला. महात्मा गांधींना मातृभाषेचे माध्यम मनापासून पटले, पण इंग्रजीची सक्ती मान्य नव्हती. तरीही त्यांनी या कामाला सहानुभूती दिली. गृहशास्त्र आणि आरोग्यशास्त्र यांना महत्त्वाचे स्थान होते. आयुष्यभर गणित शिकवलेल्या कर्वे यांनी गणित मात्र ऐच्छिक ठेवले. पदव्यांची नावेही देशी होती. पदवीधर झालेली स्त्री गृहीतागमा आणि त्यापुढची पदवी मिळवणारी प्रदेयागमा. आगम म्हणजे ज्ञान. ज्ञान घेतलेली आणि ज्ञान देण्यास योग्य झालेली, असा त्या नावांचा अर्थ होता.

या योजनेवर टीका झाली आणि ती सगळीच सनातन्यांची नव्हती. स्त्रियांसाठी वेगळा अभ्यासक्रम म्हणजे कमी प्रतीचा अभ्यासक्रम, असे काही सुधारकांना वाटत होते. पुरुष जे शिकतो ते स्त्रीने का शिकू नये, घरकामाचे शास्त्र तिच्याच माथी का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही तो गैरलागू ठरत नाही. कर्वे यांची भूमिका व्यवहाराची होती. ज्यांना मुंबई विद्यापीठाची पदवी हवी त्यांच्यासाठी ती वाट खुली होतीच. ज्या हजारो घरांत मुलीने इंग्रजी माध्यमातून शिकून चाकरी करावी हे मान्य होणार नव्हते, त्या घरांतील मुलीसाठी दुसरी वाट काढणे त्यांना आवश्यक वाटत होते. ते विद्यापीठ पहिल्या वाटेच्या विरोधात नव्हते, तिच्या बाहेर राहिलेल्यांसाठी होते.

मात्र या निर्णयाचा खरा भार विद्यार्थिनींवर पडला. विद्यापीठाला सनद नसल्यामुळे त्याच्या पदवीला सरकारदरबारी मान्यता नव्हती. गृहीतागमा झालेल्या स्त्रीला सरकारी नोकरीत किंवा अन्य विद्यापीठांच्या पुढील अभ्यासात पदवीधर म्हणून हक्काने उभे राहता येत नव्हते. वैधव्याचा किंवा गरिबीचा डोंगर ओलांडून ती तीन वर्षे शिकली, परीक्षा दिली, आणि हाती आलेला कागद संस्थेच्या कुंपणाबाहेर तोकडा पडला. ही अवस्था पस्तीस वर्षे राहिली. कर्वे यांनी सनदेची वाट न पाहता विद्यापीठ सुरू केले म्हणून कित्येक स्त्रिया शिकू शकल्या, हे खरे; आणि सनद नव्हती म्हणून त्यांच्या शिक्षणाचे पूर्ण मोल त्यांना मिळाले नाही, हेही तेवढेच खरे.

पैशाचा प्रश्न १९२० मध्ये एका मोठ्या देणगीने बदलला. मुंबईचे उद्योगपती सर विठ्ठलदास दामोदर ठाकरसी यांनी जगप्रवासात जपानचे ते महिला विद्यापीठ स्वतः पाहिले होते. परतल्यावर त्यांनी आपल्या आईच्या स्मरणार्थ कर्वे यांच्या विद्यापीठाला पंधरा लाख रुपये देऊ केले. त्या काळाच्या मानाने ही रक्कम प्रचंड होती. तिच्याबरोबर अटी आल्या. विद्यापीठाला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव द्यायचे होते. मुख्यालय पुढे मुंबईला न्यायचे होते. मूळ रक्कम लगेच हाती येणार नव्हती; शासकीय मान्यता मिळेपर्यंत तिचे साडेतीन टक्क्यांनी येणारे वार्षिक व्याज, म्हणजे बावन्न हजार पाचशे रुपये, विद्यापीठाला मिळायचे होते. चार-चार आण्यांच्या पावत्या फाडत आलेल्या संस्थेपुढे हा मोठाच पेच होता. हिंगण्याच्या माळावर, वर्गणीदारांच्या मतांवर उभी राहिलेली संस्था एका घराण्याच्या नावाची होणार आणि पुण्याबाहेर जाणार, हे अनेकांना रुचले नाही. कर्वे यांनी देणगी स्वीकारली. संस्थेवर नाव कोणाचे आहे यापेक्षा संस्था पुढच्या वर्षी उघडी असेल की नाही, हा प्रश्न त्यांना मोठा वाटला.

या देणगीमुळे विद्यापीठाचा पाया भक्कम झाला, तरी विस्ताराचा खर्च त्याहून अधिक होता. विद्यापीठ आता पुण्यापुरते राहिले नव्हते. गुजरातेतील संस्थाही त्याच्याशी जोडल्या गेल्या होत्या. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, मार्च १९२९ मध्ये, कर्वे जगप्रवासाला निघाले. इंग्लंडमध्ये त्यांनी भारतीय स्त्रीशिक्षणावर व्याख्याने दिली, जिनिव्हा आणि डेन्मार्कमधील एल्सिनोर येथील शिक्षण परिषदांना ते उपस्थित राहिले, बर्लिनमध्ये आइन्स्टाइन यांना भेटले, अमेरिका पाहिली आणि परतीच्या वाटेवर टोकियोला जाऊन ते विद्यापीठही पाहिले, ज्याची पुस्तिका वाचून सारा प्रपंच सुरू झाला होता. १९३० मध्ये परत आल्यावर त्याच वर्षाच्या अखेरीस ते आफ्रिकेला गेले. केनिया, युगांडा, टांगानिका, झांझिबार, पोर्तुगीज पूर्व आफ्रिका आणि दक्षिण आफ्रिका येथील भारतीय वस्त्यांतून सव्वा वर्ष हिंडून त्यांनी सुमारे चौतीस हजार रुपये जमवले.

१९३६ मध्ये विद्यापीठाचे मुख्यालय मुंबईला गेले. ज्या संस्थेची वीट-वीट त्यांनी रचली होती ती आता त्यांच्या गावी राहिली नाही. कर्वे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. त्याच वर्षी त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. ज्या गावी शाळाच नाही तेथे शाळा उघडायची, हे त्याचे काम. विद्यापीठ उभारल्यावर माणूस पुन्हा मुळाक्षरांकडे वळतो, याचे आश्चर्य वाटू नये. शिडीची खालची पायरी गावात आहे, हे त्यांना ठाऊक होते. आणि पुन्हा एकदा वर्गणीची वही घेऊन ते पायी फिरू लागले.

स्वातंत्र्यानंतर मान्यतेचा प्रश्न अखेर सुटला. १९४९ मध्ये मुंबई विधिमंडळाने विद्यापीठाचा कायदा संमत केला आणि १९५१ मध्ये ते वैधानिक विद्यापीठ झाले. सर विठ्ठलदास यांच्या पत्नी लेडी प्रेमलीला ठाकरसी या मान्यतेनंतरच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. स्त्रियांच्या विद्यापीठाचा कारभार स्त्रीच्या हाती आला. बाया मात्र हे पाहायला राहिल्या नव्हत्या. १९५० मध्ये त्यांचे निधन झाले होते. सन्मान त्यानंतर एकामागून एक आले. बनारस विद्यापीठाने कर्वे यांना सन्माननीय पदवी पूर्वीच, १९४२ मध्ये दिली होती. आता पुणे विद्यापीठाने, त्यांनी स्वतः स्थापन केलेल्या विद्यापीठाने आणि १९५७ मध्ये मुंबई विद्यापीठानेही त्यांना गौरवले. ज्या मुंबई विद्यापीठाच्या चौकटीबाहेर त्यांनी आपली वाट काढली होती, त्यानेच ती वाट मान्य केली, असे म्हणता येईल. १९५५ मध्ये पद्मविभूषण आणि १९५८ मध्ये, शंभराव्या वर्षी, भारतरत्न हे किताब त्यांना मिळाले. जन्मशताब्दीनिमित्त टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय एकशे चार वर्षांचे होते.

२०१६ मध्ये श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाने शंभर वर्षे पूर्ण केली. मुंबईत चर्चगेट आणि जुहू येथे, तसेच पुण्यात कर्वे रस्त्यावर त्याचे परिसर आहेत. चर्चगेटचा परिसर नाथीबाई ठाकरसी मार्गावर आहे आणि जवळूनच महर्षी कर्वे मार्ग जातो. देणगी देणाऱ्याच्या आईचे नाव आणि संस्था उभारणाऱ्याचे नाव असे शेजारी-शेजारी नांदते आहे. हिंगण्याचे तर आता कर्वेनगर झाले. जेथे पावसाळ्यात चिखल तुडवत जावे लागे तेथे आज वाहनांची रांग संपत नाही, आणि झोपडीतून वाढलेली स्त्रीशिक्षण संस्था तेथे आजही काम करते आहे.

विद्यापीठे आता घोषणेने जन्मतात. आधी जागा, मग आराखडा, मग पदे, मग निधीची वाट, असा क्रम असतो, आणि यातले एक अडले की सारे अडते. कर्वे यांनी क्रम उलटा ठेवला. आधी पाच मुली आणि शिकवणारे चार लोक, मग हिशेबाची वही, मग घटना, मग देणगी, आणि सर्वांत शेवटी, पस्तीस वर्षांनी, सनद. या क्रमात विद्यार्थिनींनी जे सोसले ते विसरता येणार नाही आणि कोणत्याही नियोजकाने ते आदर्श म्हणून पुढे करू नये. परंतु सनदेची वाट पाहत बसले असते तर त्या पाच जणींची वये निघून गेली असती. सातारच्या परीक्षेला एक वर्ष गमावलेल्या माणसाला वर्ष गमावणे म्हणजे काय, हे नेमके माहीत होते.